अमेरिकेत पदवीसाठी अर्ज : हजारोंच्या गर्दीत लेकीचा अर्ज उठून कसा दिसेल?

गोदाकाठ | ९ जून

नमस्कार मंडळी,

लेक यंदा बारावीत गेली. सायन्स, राज्य मंडळ, नाशिकमधलं साधंसं ज्युनिअर कॉलेज. तिला पदवीपासूनच अमेरिकेत जायचंय, वनस्पतिशास्त्र किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी शिकायला. आम्ही नवरा-बायको मेरिट लिस्टच्या जमान्यातले. मार्क किती पडले, यादी कुठे थांबली, विषय संपला. तू कोण, काय करतेस, हे आम्हाला कुणी कधी विचारलंच नाही. त्यामुळे हे निबंध, शिफारसपत्रं, ‘ॲक्टिव्हिटी’ वगैरे सगळं डोक्यावरून जातंय.

मागच्या आठवड्यात एका कन्सल्टंटकडे जाऊन आलो. लेकीचं प्रोफाइल ‘फ्लॅट’ आहे म्हणाले. त्यावर उपाय म्हणजे पॅकेज: तिच्या नावाने एक एनजीओ, एक रिसर्च पेपर, एका कंपनीचं इंटर्नशिपचं पत्र, आणि निबंधाचं ‘आम्ही बघून घेऊ’. आकडा ऐकल्यावर नवरा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

ती काय करते ते सांगते. दहावीला ९५ च्या वर, अकरावीला कॉलेजचे ८८ टक्के. एसएटी (तिकडची प्रवेशपरीक्षा) १४६०. तबल्याच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड. बायॉलॉजी ऑलिंपियाडची पहिली पायरी दिली, पुढे निवड झाली नाही. सोसायटीच्या वॉचमनच्या मुलींचा अभ्यास घेते. बाकी शनिवार-रविवार दिंडोरीला माझ्या भावाच्या द्राक्षबागेत. आठवीपासून तिथे एक वही ठेवलीये, पाऊस वगैरे लिहीत असते. कन्सल्टंट म्हणाले, ते धरू नका, तो छंद झाला.

पॅकेज घ्यावं का? आणि हातात चार-पाच महिने आहेत, तेवढ्यात नवीन काय सुरू करता येईल? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

खडीसाखर | ९ जून

ताई, पॅकेज घेऊ नका. माझा मुलगा पुण्यातून एचएससी करूनच गेला, त्यामुळे हे सगळं ताजं आहे.

आधी फॉर्म नीट बघून घ्या. निम्मी भीती तिथेच जाते. बहुतेक कॉलेजं ‘कॉमन ॲप’ या सामाईक ऑनलाइन अर्जावर आहेत, नवीन वर्षाचा फॉर्म १ ऑगस्टला उघडतो. त्यात ॲक्टिव्हिटीजच्या दहा जागा, प्रत्येकीच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं, स्पेससकट. बक्षिसं-सन्मानांच्या पाच जागा. मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. शिवाय प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे छोटे प्रश्न. एमआयटी या फॉर्मवर नाहीच, त्यांचा फॉर्म वेगळा आणि त्यात ॲक्टिव्हिटी चारच मागतात. दहाच्या दहा जागा भरल्याच पाहिजेत असं कुठेही नाही. ओढूनताणून भरलेली आठवी-नववी-दहावी जागा वाचणाऱ्याला लगेच कळते, आणि मग तो वरच्या चारांकडेही संशयाने बघायला लागतो.

आता एचएससीवाल्यांची खरी अडचण, जी कुठलाच कन्सल्टंट सांगत नाही. अर्जाचा निम्मा भाग मुलं भरतच नाहीत, तो कॉलेजने भरायचा असतो. ‘स्कूल काउन्सेलर’चं पत्र, स्कूल रिपोर्ट, स्कूल प्रोफाइल, नववी ते अकरावीच्या गुणपत्रिका. आपल्या ज्युनिअर कॉलेजात काउन्सेलर कुठून आणायचा? उपप्राचार्य किंवा प्राचार्यांना ही भूमिका घेता येते, त्यांना जूनमध्येच गाठा. दिवाळीनंतर प्रॅक्टिकल आणि प्रिलिमची धांदल सुरू झाली की ते तुम्हाला दारातही उभं करणार नाहीत.

स्कूल प्रोफाइल म्हणजे एक पान: बोर्ड कुठलं, किती मुलं, विषय कसे निवडतात, गुण कसे देतात, रँक देतात की नाही. आमच्या कॉलेजात असलं काही अस्तित्वातच नव्हतं. मी मसुदा करून नेला, सरांनी दोन ओळी बदलल्या, लेटरहेडवर छापून सही-शिक्का केला. त्यात एक वाक्य मुद्दाम घालायला सांगा: कॉलेज अकरावीला हात आखडून गुण देतं आणि ८८ टक्के म्हणजे वर्गात साधारण कुठे. हे खरं असेल तरच, अर्थात.

आणि नावं तपासा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वेगळा क्रम, एसएटीला तिसराच. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे ठेवा.

बे एके बे | ९ जून

मी नेहमीप्रमाणे मीठाचा खडा टाकतो. अर्ज उठून दिसण्याआधी एक प्रश्न सोडवा: पैसे कोण देणार? खासगी विद्यापीठात राहण्या-खाण्यासकट वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर होतात. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली की बहुतेक कॉलेजं ती गोष्ट निवडीत धरतात. परदेशी मुलांसाठीसुद्धा मदतीचा विचार न करता निवड करणारी आणि मग गरजेइतकी पूर्ण मदत देणारी जी थोडी आहेत त्यांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन ही नावं येतात. तिथली दारं किती चिंचोळी आहेत ते सांगायला नको. हार्वर्ड आणि एमआयटी शंभरातले पाचही घेत नाहीत.

म्हणजे निबंधात जीव ओतला तरी ‘मदत हवी’ या एका खुणेवर बऱ्याच ठिकाणी गाडी अडते. आणि पहिल्या वर्षी ‘नको’ लिहून नंतर मागू, असा हुशारपणा करू नका. परदेशी विद्यार्थ्यांना नंतर अर्जच करू न देणारी कॉलेजं भरपूर आहेत.

आधी घरात बसून वर्षाचा एक आकडा ठरवा. कॉलेजांची यादी त्या आकड्यावरून करा, रँकिंगवरून नको.

गोदाकाठ | १० जून

@बे एके बे, कडू आहे पण पटलं. काल रात्री नवऱ्याबरोबर वही-पेन घेऊन बसले. मदतीशिवाय चार वर्षं जमणार नाही, निम्मं-अर्धं जमवू शकू.

@खडीसाखर, प्राचार्य सरांकडे सोमवारी जाते. पण शिफारसपत्रं कोण देणार? ती टायअपला आहे (कॉलेजशी जोडलेल्या क्लासमध्ये शिकते), कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला जाते.

मंद्रसप्तक | १० जून

मी बॉस्टनजवळ राहतो. ज्या कॉलेजात शिकलो त्यांच्यासाठी दर हिवाळ्यात अर्जदारांच्या मुलाखती घेतो, विनामोबदला. (मुलाखतीला फार वजन नसतं, आधीच सांगतो.) फाइल आम्हाला दाखवत नाहीत, पण आत काम केलेल्या लोकांशी बोलून जे कळलं ते लिहितो.

तुमच्या लेकीची फाइल पहिल्यांदा ज्याच्या हातात पडते त्याच्याकडे बहुधा भारत किंवा दक्षिण आशिया असतो. त्याला एचएससी, सीबीएसई, आयएससी यांतला फरक माहीत असतो. पहिल्या वाचनाला काही मिनिटंच मिळतात. तो आधी बघतो की हिला इथला अभ्यास झेपेल का. गुण, विषय, एसएटी. मोठ्या कॉलेजांत या पायरीवरून पुढे जाणारेच जागांच्या कितीतरी पट असतात. तिथून पुढे प्रश्न बदलतो: ही मुलगी इथे आली तर काय करेल? आणि ज्या शाळेत, ज्या गावात ती होती, तिथे हाताशी जे होतं त्याचं तिने काय केलं? नाशिकच्या मुलीची तुलना कॅलिफोर्नियातल्या खासगी शाळेतल्या, घरी रोबोटिक्सची लॅब असलेल्या मुलाशी करत नाहीत. तिने नसलेल्या गोष्टींची नक्कल केली की मात्र ती आपणहून त्या रांगेत जाऊन उभी राहते.

हार्वर्डवरच्या खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये झाली तेव्हा त्यांची आतली पद्धत चव्हाट्यावर आली. अभ्यास, अभ्यासेतर, खेळ आणि ‘व्यक्ती म्हणून कशी’ असे वेगवेगळे शेरे, १ ते ६, आणि १ सगळ्यात चांगला. आशियाई वंशाच्या मुलांना शेवटच्या रकान्यात खालचे शेरे मिळतात, हाच वादाचा मोठा मुद्दा होता. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडीत वंश धरायला मनाई केली, तो या प्रकरणाचा शेवट. मला त्यातून घ्यायचं ते एवढंच, की तो चौथा रकाना खरोखर आहे आणि तो मुख्यतः निबंध, शिक्षकांची पत्रं, काउन्सेलरचं पत्र यांवरून भरला जातो. पदकांवरून नाही.

शिक्षकांच्या पत्राबद्दल: अकरावी-बारावीला शिकवणारेच हवेत. प्रॅक्टिकल घेणारे सर-मॅडम चालतील, उलट बरे. ‘ती कष्टाळू, आज्ञाधारक आणि नियमित आहे’ असली पत्रं आपल्याकडून पोत्याने येतात आणि त्यांचा उपयोग शून्य. टायट्रेशनला सगळ्या बॅचचं रीडिंग एकसारखं आलं असताना हिचं वेगळं आलं, आणि तिने शेजारणीचं उतरवून घेण्याऐवजी ब्युरेट धुऊन पुन्हा केलं, असं एक वाक्य सरांनी लिहिलं तर पान भरल्यासारखं आहे. सरांना असे प्रसंग आपणहून आठवत नाहीत. लेकीने एका कागदावर चार-पाच प्रसंग लिहून द्यावेत. पत्र मात्र त्यांनीच लिहावं.

न्यूजर्सीकर | १० जून

मंद्रसप्तकांना +१.

इकडच्या देसी पालकांतही तोच गोंधळ आहे बरं का. आमच्या गल्लीत सातवीपासून ‘नॉन-प्रॉफिट’ सुरू करणारी तीन पोरं आहेत, सगळ्यांची वेबसाइट एकाच टेम्प्लेटची. विकत घेतलेला मोठेपणा पुढे किती अंगाशी येतो ते २०१९ च्या कॉलेज-प्रवेश घोटाळ्यात सगळ्या देशाने पाहिलं. खोटे खेळाडू, प्रशिक्षकांना लाच, परीक्षेची उत्तरं बदललेली. पालक तुरुंगात गेले. तुमच्या कन्सल्टंटचं पॅकेज त्या थराचं नाही, पण न केलेल्या कामाचं इंटर्नशिप पत्र म्हणजे दिशा तीच.

आणि पैसे भरून छापून येणारे ते ‘रिसर्च पेपर’. वाचणारे लोक दरवर्षी तीच नियतकालिकं बघतात हो.

एक कामाची गोष्ट. प्रत्येक विद्यापीठाचा ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज असतो, नाव टाकून शोधलं की मिळतो. त्यात सी-७ हा तक्ता बघा. निवडीत गुण, निबंध, शिफारस, मुलाखत, अर्जदाराने दाखवलेली आवड, माजी विद्यार्थ्याचं अपत्य असणं, यातलं काय ‘फार महत्त्वाचं’ आणि काय ‘धरत नाही’ हे ते स्वतःच खूण करून सांगतात. एखादं कॉलेज ‘दाखवलेली आवड’ धरत असेल तर त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्रांना नाव नोंदवून बसा. धरत नसेल तर उगाच ईमेल पाठवून त्यांचं डोकं खाऊ नका.

एसएटीचंही तसंच. एमआयटीने ती २०२२ मध्येच परत सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड मागोमाग गेले. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कॉलेजं मात्र निवडीसाठी ती बघतच नाहीत.

निफाडचा | १० जून

इतका वेळ गप्प वाचत होतो. ताई, त्या वहीत नक्की काय लिहिते पोरगी? नुसता पाऊस? की दव पण?

गोदाकाठ | ११ जून

@निफाडचा, तुम्ही विचारलंत म्हणून काल तिला वही मागितली. मीही कधी नीट पाहिली नव्हती. रकाने असे आहेत: तारीख, पाऊस (मामाच्या पर्जन्यमापकातला), रात्रीचं किमान तापमान, पानावरचं दव सकाळी किती वाजता सुकलं, कुठली फवारणी, आणि शेवटी ‘डाग’. डागाच्या रकान्यात ओळ नंबर आणि वेल नंबर. मधले दिवस मामी फोनवर सांगते, ते पेन्सिलने, आणि स्वतः पाहिलेलं पेनाने.

निफाडचा | ११ जून

पेन्सिल आणि पेन! कन्सल्टंटला सांगा, आमच्याकडे एक महिना येऊन रहा गोडी छाटणीनंतर.

बाकीच्यांसाठी सांगतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड बाहेर पडतात तेव्हा पाऊस झाला किंवा पान बराच वेळ ओलं राहिलं की डावणी येते. पानावर आधी तेलकट पिवळा डाग, मागच्या बाजूला पांढरी बुरशी. एकदा घडात शिरली की वर्ष गेलं. म्हणून लोक भीतीपोटी फवारत सुटतात. आणि जास्त फवारलं तर निर्यातीला औषधाचे अंश अडवतात. २०१० साली लिहोसिन या वाढ-नियंत्रकाच्या अंशापायी युरोपात आपला माल अडकला होता, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. तेव्हा दव किती वाजेपर्यंत टिकलं आणि त्यानंतर पहिला डाग कुठल्या ओळीत दिसला, हे चार हंगाम लिहिणारी पोरगी शास्त्रज्ञाचंच काम करतेय.

पुण्याजवळच्या मांजरी गावचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानावर आधारित सल्ला देतं. तिला म्हणावं, जुने सल्ले काढ आणि स्वतःच्या वहीशी ताडून बघ. कुठे जुळलं, कुठे नाही. याला एनजीओ लागत नाही.

मंद्रसप्तक | ११ जून

झालं की मग. ताई, चार महिन्यांत ‘नवीन काय सुरू करू’ या प्रश्नाचं उत्तर निफाडकरांनी दिलं. नवीन काहीच नको, आहे तेच पुढे न्या.

निवड समितीत एक जण फाइल मांडतो आणि बाकीचे ऐकतात. त्याला एका वाक्यात सांगता यावं लागतं की ही कोण. ‘९५ टक्के, तबला, चित्रकला, समाजसेवा’ असं म्हटलं तर समोर कुणीच उभं राहत नाही, कारण त्या दिवशी त्याने अशाच पन्नास मुली वाचलेल्या असतात. ‘द्राक्षवेलीवरचं दव मोजणारी’ म्हटलं की टेबलावरचे लोक मान वर करतात. आणि तिला शिकायचंय वनस्पतिशास्त्र! धागा जुळतोय की.

बे एके बे | ११ जून

थांबा, थांबा. आता ‘गरीब शेतकऱ्यांची तारणहार’ असा निबंध होणार नाही ना? ती बागाईतदार मामाची भाची आहे, सुट्टीच्या दिवशी जाते. शेतकऱ्यांचे अश्रू पुसणारी ॲप बनवलेली शहरी मुलंही त्या वाचणाऱ्याने ढिगाने पाहिलेली असणार.

आगाऊ कार्टं | ११ जून

काकू, मी सध्या अमेरिकेत दुसऱ्या वर्षाला आहे, मूळचा सांगलीचा. बे एके बे काकांशी शंभर टक्के सहमत. (हे वाक्य या संस्थळावर पहिल्यांदाच लिहिलं गेलं असावं.)

भारतातून जाणाऱ्या निबंधांचे ठरलेले साचे आहेत: आजीचं निधन, क्रिकेटमधली दुखापत आणि पुनरागमन, झोपडपट्टीतल्या मुलांना शिकवून ‘मीच खूप शिकलो’. विषय वाईट नाहीत, पण त्यांत मुलगा दिसत नाही, धडा दिसतो. तुमच्या लेकीने शेतकऱ्यांवर लिहूच नये. तिने पेन्सिल आणि पेनावर लिहावं. मामी फोनवर सांगते ते पेन्सिलने का? मामीवर विश्वास नाही का? मामीला ते कळलं तेव्हा ती काय म्हणाली? तिथे माणूस दिसतो. एका शनिवारी ती गेली नाही आणि रकाना रिकामा राहिला, तर तिने तो रिकामाच ठेवला की अंदाजाने भरला? मला तर हे वाचायला आवडेल.

दुसरं, चॅटबॉटकडून निबंध लिहून घेऊ नका. एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. आणि नियम नसता तरी मी नाहीच म्हणालो असतो, कारण तो निबंध गुळगुळीत होतो आणि सगळ्यांचा सारखाच. मराठीत बोलत फोनवर रेकॉर्ड करायचं, मग त्याचं इंग्रजी स्वतः करायचं. मी तसंच केलं होतं. इंग्रजी थोडं साधं राहिलं तर राहू दे.

तिसरं, ‘आमचंच कॉलेज का?’ या प्रश्नाला त्यांच्या वेबसाइटची पोथी वाचून दाखवू नका. सुंदर कॅम्पस, जागतिक दर्जाचे प्राध्यापक वगैरे त्यांना माहीत आहे.

‘अतिरिक्त माहिती’चा रकाना २०२५ पासून ३०० शब्दांचा झालाय, आधी ६५० होते. तिथे दुसरा निबंध कोंबू नका. टायअपमुळे कॉलेजची हजेरी कमी, नववीचं प्रगतिपुस्तक गहाळ, असलं कोरडं काहीतरी असेल तर दोन ओळींत लिहा.

गोदाकाठ | १३ जून

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने धागा पूर्ण वाचला आणि ‘पेन्सिलवर लिहायला सांगणारा मुलगा कोण?’ म्हणून हसली. मामीचा किस्सा खरंच आहे, पण तो तिनेच लिहू दे.

१५० अक्षरांसाठी तिने हे केलंय (भावार्थ मराठीत देते):

‘मामाच्या शेतावर हवामानाचा अभ्यास केला, शेतकऱ्यांना मदत करून शाश्वत शेतीबद्दल जागृती निर्माण केली.’

कसं वाटतं?

खडीसाखर | १३ जून

यात ती कुठेच नाही. ‘जागृती’ आली की समजायचं काहीच केलेलं नाही. असं बघा:

‘दर शनिवार-रविवार द्राक्षबागेत: पाऊस, दव सुकण्याची वेळ, डावणीचा पहिला डाग. आठवीपासून नोंदी. मामांची फवारणी आता याच वहीवरून ठरते.’

बे एके बे | १३ जून

खरंच ठरते?

गोदाकाठ | १३ जून

नाही. भाऊ कृषी केंद्रवाल्याचं ऐकतो आणि शेजाऱ्याने फवारलं की याचाही हात शिवशिवतो. पण वही मागतो आधी.

खडीसाखर | १३ जून

मग ‘फवारणीआधी मामा ही वही पाहतात.’ बास. खरं आहे आणि शब्दही वाचले. मुलाखतीत कुणी विचारलं तर तिला शेजाऱ्याची गोष्टही सांगता येईल.

तबला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. ‘मध्यमा पूर्ण’ म्हणून त्यांना काही बोध होणार नाही. किती वर्षं शिकतेय, आठवड्याला किती तास, कुणाला साथ करते ते लिहा. इंटरमिजिएटची ग्रेड सन्मानांच्या रकान्यात, ‘राज्य सरकारची चित्रकला परीक्षा’ असं सांगून. ऑलिंपियाडची निवड न झालेली पायरी लिहू नका. वॉचमनच्या मुलींना शिकवणं साध्या शब्दांत, मुली किती आणि विषय कुठले एवढंच.

न्यूजर्सीकर | १३ जून

यादीबद्दल सुचवू का? द्राक्षं आणि वनस्पती म्हटल्यावर डेव्हिस डोळ्यांसमोर येतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या त्या कॅम्पसमध्ये द्राक्षशेतीचा स्वतंत्र विभाग आहे. एचएससीवाल्यांसाठी आणखी एक सोय: त्या अर्जाला सर्वसाधारणपणे शिफारसपत्रं लागत नाहीत, काउन्सेलरचं पत्र नाही, एसएटी नाही. आठातल्या चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं, आणि ॲक्टिव्हिटी-बक्षिसांना वीस जागा. मुदत नोव्हेंबरअखेर. पण परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत तिथे जवळपास नाहीच, त्यामुळे बे एके बे यांचा आकडा आड येणार.

कॉर्नेलच्या कृषी आणि जीवशास्त्र कॉलेजातही द्राक्षशेतीचा अभ्यासक्रम आहे. तिथे परदेशी मुलांना मदत मिळू शकते, पण ती मागितल्याचा परिणाम निवडीवर होतो. शिवाय मध्य-पश्चिमेतली मोठी सरकारी कृषी विद्यापीठं बघा. नावाचा दबदबा कमी, पण वनस्पतिशास्त्रात भक्कम आणि खर्चाला थोडी हलकी.

‘अर्ली डिसिजन’च्या वाटेला विचार करून जा. बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरची मुदत, आणि निवड झाली तर जावंच लागतं. किती मदत मिळते त्याची इतरांशी तुलना करायची संधी जाते.

चिमणी लंडनची | १४ जून

थोडं अवांतर, पण यादीत इंग्लंड असेल तर. इकडे हे सगळं गणितच वेगळं आहे. २०२६च्या प्रवेशापासून यूकॅसचं (इकडचे विद्यापीठांचे अर्ज घेणारी संस्था) पर्सनल स्टेटमेंट तीन प्रश्नांत विभागलंय: हाच विषय का, अभ्यासातून तयारी कशी झाली, अभ्यासाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४००० अक्षरं. तबला शेवटच्या प्रश्नात एखादी ओळ, बाकी सगळं विषयावर. ऑक्सफर्ड-केंब्रिजपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, मुदत १५ ऑक्टोबर, आणि निवड त्या विषयाचे शिक्षकच करतात. तिथे पेन्सिल-पेनाची गोष्ट सांगू नका. दव आणि डाग यांचा संबंध किती दिवसांनी दिसतो, आणि वहीतल्या कुठल्या नोंदी त्यात बसत नाहीत, ते सांगा.

निफाडचा | १४ जून

न बसणाऱ्या नोंदी! हे मला आमच्या बागेसाठी पण हवंय. ताई, पोरीला विचारा, पाऊस नसताना डाग आलेला एखादा आठवडा आहे का वहीत.

गोदाकाठ | १६ जून

@निफाडचा, आहे म्हणते. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरचा. ती सध्या तोच घेऊन बसलीये, मांजरीचे जुने सल्ले मिळतील तेवढे शोधून. कन्सल्टंटला ‘नको’ कळवलं. मुंबईच्या एज्युकेशन-यूएसए या अमेरिकी सरकारच्या मार्गदर्शन केंद्राचा सल्ला फुकट असतो असं कळलं, तिथे नाव नोंदवलंय.

आज प्राचार्य सरांना भेटले. आधी ‘हे आमच्याकडे कधी केलेलं नाही’ म्हणाले. मग खडीसाखर यांचं ऐकून नेलेला प्रोफाइलचा मसुदा पुढे ठेवला, तो चष्मा लावून दोनदा वाचला, ‘विद्यार्थिसंख्या चुकली’ म्हणून क्लार्कला बोलावून आकडा दुरुस्त केला. पत्र उपप्राचार्या मॅडम देतील, त्यांनी तिला बायॉलॉजीचं प्रॅक्टिकल शिकवलंय. अडचण एकच. फॉर्मवर त्यांचा ईमेल द्यायचाय आणि कॉलेजच्या नावाचा ईमेल कुणाकडेच नाही. मॅडमचा जीमेल चालेल का?

खडीसाखर | १६ जून

फॉर्म अडत नाही, आम्ही जीमेलवरच केलं. पण कॉलेजची वेबसाइट असेल तर त्याच नावाचा ईमेल काढून देता येतो. जो वेबसाइट सांभाळतो त्याला विचारा, बहुधा कॉम्प्युटर लॅबचे सर असतात. नाहीच जमलं तर मॅडमचं पत्र लेटरहेडवर, कॉलेजच्या फोन नंबरसकट, आणि तो फोन कुणीतरी उचलतं याची खात्री करा. आणि मॅडमना आधीच सांगून ठेवा की इंग्रजीतून मेल येईल. आमच्या सरांनी तो फसवणुकीचा समजून उडवला होता.